उरलेला रंग

माझे मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. चहाचा कप धरताना जी काही तारांबळ उडाली, ती पाहून आईला वाटलं मुलाच्या हातात व्यंग आहे आणि वडिलांना वाटलं मुलगा घाबरट आहे. मी सरळ विचारलं. म्हणाले, "डिंक आहे. संध्याकाळपर्यंत सुटतील." आमच्याकडे यायचं म्हणून सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता, तर वेळ घालवायला विमानाचा पंख चिकटवत बसले होते. धाकटी तोंडात पदर कोंबून आत पळाली. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव डिंकराव पडलं ते पडलंच. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे. ते तिथेच असू दे.

डिंकराव पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचे. दिवसभर नखाएवढी दातेरी चाकं हाताखाली, आणि घरी येऊन पुन्हा तसलंच काम. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग यायचे, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की त्याचं विमान व्हायचं, नाहीतर जहाज. खऱ्याची हुबेहूब लहान प्रत. मला त्यात कधीच काही दिसलं नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. ज्याचा काही उपयोग नाही ते इतक्या काळजीने का करायचं, हे मला आजही कळत नाही. पण धाकटी शेजारी बसून बघायची. एखादा बारीक भाग खाली पडला की ती लादीवरून तळहात फिरवायची आणि तो तिला सापडायचा. डिंकरावांना कधीच सापडायचा नाही.

मग लेक झाली, रांगायला लागली आणि तिने एका लढाऊ विमानाचं चाक गिळलं. चाक यथावकाश बाहेर आलं. पण डिंकरावांनी सगळं सामान खोक्यात भरून टाकलं. धाकटीने सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "उंच फळीवर ठेवा की." पण घर दोन खोल्यांचं, टेबल एकच, त्यावरच जेवण आणि त्यावरच लेकीचा अभ्यास. छंद मागे पडला. माणसं लेकराबाळांच्या पायी अशा पुष्कळ गोष्टी मागे टाकतात आणि त्याचा गवगवाही करत नाहीत. डिंकरावांनीही केला नाही.

लेक मोठी झाली, शिकली, लग्न करून दुसऱ्या देशात गेली. डिंकराव निवृत्त झाले. आणि मग धाकटी आजारी पडली. आजार लांबत गेला. स्वयंपाक, धुणं, औषधं, सगळं डिंकराव करायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी ती गेली. मी थोरली, मी मागे राहिले. याबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

काही महिन्यांनी भाचीचा फोन आला. "मावशी, बाबा फोनवर नुसतं 'हो' म्हणतात. जेवलात का, हो. बरे आहात का, हो. तू जाऊन बघशील का गं?"

मी गेले. दार उघडंच होतं. डिंकराव टीव्हीसमोर बसलेले, आवाज बंद.

"काय बघताय?"

"काही नाही ताई. हलतंय ते बघतोय."

मी टीव्ही बंद केला. मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. म्हटलं, "ती विमानं करायचात ना? करा की परत."

"आता कुठे?"

"का? गिळायला आता कोण आहे घरात?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मलाही वाटलं, जरा जास्त झालं. पण ते उठले, चपला शोधायला लागले, म्हणजे लागायचं तिथे लागलं होतं.

दुकान चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, वर एक लांबोडी खोली, छतापर्यंत खोकी. दुकान चालवणारी बाई तिशीतली, तिच्या प्रत्येक नखावर वेगळा रंग. मला वाटलं फॅशन असेल. नंतर कळलं, नवा रंग आला की ती आधी नखावर लावून बघते. डिंकरावांनी जुन्या ओळखीने विचारावं तसं विचारलं, "एनॅमलच्या त्या छोट्या डब्या कुठे ठेवता?"

"काका, त्या आता कमी येतात. आता हे घ्या, पाण्यात मिसळतात. ब्रश नळाखाली धुवायचा. वास अजिबात नाही."

"वास नाही?" ते म्हणाले. जेवणात मीठ नाही असं कोणी सांगावं तसा चेहरा झाला.

"किती वर्षांनी करताय?"

"लेक रांगत होती तेव्हा सोडलं. आता तिची मुलं शाळेत जातात."

बाई हसली. "परत येणारे सगळे एक चूक करतात, आधीच सांगते. एकदम सगळं घेतात. सुटलेली वर्षं भरून काढायची असतात ना. एकच घ्या. तेवढं पूर्ण करा, मग या."

डिंकरावांनी मान डोलावली आणि पाच खोकी घेतली. दोन विमानं, एक जहाज, एक रणगाडा, आणखी एक विमान. वर रंगांच्या बाटल्या, ब्रश, चिमटा, कातरपक्कड, घासायचा कागद. मी म्हटलं, "त्या बाईने आत्ताच काय सांगितलं?" तर म्हणाले, "ताई, परत मिळालं नाही तर?" दुकानदारीण बिल करता करता म्हणाली, "राहू द्या आजी, माझंही घर चालायला हवं."

पहिलं विमान काही जमलं नाही. भाग पूर्वीपेक्षा बारीक झाले होते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं भाग तेवढेच असतील, बोटं म्हातारी झाली. पडलेला भाग शोधायला ते बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसायचे आणि पलंगाखाली वाकून राहायचे. मी एकदा गेले तेव्हा लादीवरून तळहात फिरवत होते. "सापडलं का?" तर म्हणाले, "ही कशी फिरवायची, ते बघतोय." बायकोला ते 'ही' म्हणायचे. ती गेल्यावरही 'ही'च.

विमान अर्धवट सोडून ते पुन्हा दुकानात गेले, मीही गेले, कारण एकटे गेले तर आणखी पाच खोकी आणतील ही भीती. दुकानदारीण कोणाला तरी संगणकावर खोक्यांची चित्रं दाखवत होती. डिंकराव मागून डोकावले आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "ताई, ही बघा. आपली गाडी."

चार दारांची, बोजड बुडाची एक जुनाट गाडी. मी ओळखली, कारण तिच्या मागच्या सीटवर बसून माझी कंबर कायमची दुखावली आहे. लग्नानंतर काही वर्षांनी या दोघांनी ती जुनी विकत घेतली होती. खोकं दुकानात नव्हतं, मागवावं लागणार होतं. डिंकराव म्हणाले, "मागवा." विमानाचा विषय त्या दिवशीच संपला.

आता त्या गाडीच्या रंगाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडी घेतली तेव्हा पांढरी होती, ठिकठिकाणी गंजलेली. धाकटी म्हणाली, रंग मी निवडणार. गॅरेजमधल्या रंगाऱ्याने कंपनीचा तक्ता पुढे केला, तो हिने बाजूला सारला. त्याच्याशेजारी उभी राहिली आणि डब्यात थेंब थेंब घालायला लावले. अजून थोडा हिरवा. आता काळा. आता पांढरा. थांबा. रंगारी वैतागून म्हणाला होता म्हणे, "बाई, तुम्हीच या उद्यापासून कामाला." असा जो रंग झाला तो कुठल्या कंपनीने कधी काढला नाही, कुठल्या तक्त्यात नाही. डिंकराव त्याला हिरवट-राखाडी म्हणायचे. धाकटी म्हणायची, धुक्यातलं झाड. गाडीचा एकुलता एक फोटो, तोही इतका तांबूस पडलेला की गाडी चिखलात बुडवून काढल्यासारखी दिसते. गाडी तर केव्हाच भंगारात गेली. म्हणजे तो रंग उरला फक्त डोक्यात, आणि त्यातलं एक डोकं आता नव्हतं.

"उरलेला रंग डब्यात भरून आणला होता हिने," डिंकराव म्हणाले. "त्याचं काय झालं कोण जाणे. तुम्हाला काही आठवतं?"

"मला गाडीचा रंग आठवायला मी काय ट्रॅफिक पोलीस आहे?"

"गाडी घरी आणली त्या दिवशी तुम्ही होतात. बघून काहीतरी म्हणालात. हिला इतकं लागलं की कितीतरी दिवस ही तुमच्याशी बोलली नाही."

"काय म्हणाले?"

"तेच तर आठवत नाही. तो शब्द आठवला असता तर रंग आठवला असता, ताई. इतका चपखल होता. मला हसू आलं होतं, म्हणून ही माझ्याशीही बोलली नाही."

मी आठवून बघितलं. मी आयुष्यात इतक्या जणांना इतकं बोलले आहे की त्यातलं एक वाक्य शोधणं म्हणजे पलंगाखाली विमानाचं चाक शोधणं. भांडण आठवलं. मिटलं कसं तेही आठवलं: माझं स्वयंपाकघरातलं नवं कपाट यायचं होतं, मला कॉलेजातून सुटी नव्हती, तर धाकटी आपण होऊन आली, दिवसभर थांबून कपाट लावून घेतलं, आणि संध्याकाळी मी आले तेव्हा गोड हसून चहा दिला. पण शब्द नाही आठवला.

खोकं आलं. डिंकरावांनी गाडी जोडली, आणि खरंच छान जोडली. चाकं, दारं, आरशासकट. राखाडी प्रायमर लावून ती टेबलावर उभी राहिली, रंगाची वाट बघत. आणि चमचे सुरू झाले.

ही या लोकांची रीत आहे. रंग एकदम मॉडेलवर लावायचा नाही, आधी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर. चमचा गाडीच्या टपासारखा फुगीर असतो, उजेड तसाच पडतो. डिंकरावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून चमच्यांची पाकिटं आणली. दुकानदाराने विचारलं, "पार्टी आहे का काका?" तर म्हणाले, "हो, पण माणसं यायची आहेत." बाल्कनीत दोरी बांधली, तिला चिमट्यांनी चमचे टांगले, रांगेने. वारा आला की ते एकमेकांवर वाजायचे. धाकटीचे कपडे जिथे वाळत असायचे तीच ती दोरी.

मी गेले की मला दोरीखाली उभं करायचे. "हा बघा. हा जवळ येतो का?"

"निळसर आहे."

"आणि हा?"

"हाही निळसर. सगळेच निळसर आहेत हो."

"नीट बघा ना, ताई."

"नीटच बघतेय. मला काय पैसे देताय का तुम्ही?"

ते नाराज व्हायचे. पुन्हा दुकानात जायचे, आणखी बाटल्या आणायचे. मला वाटायचं, माणसाला काहीतरी नाद हवा होता, तो लागला, झालं. पण तसं नव्हतं. चहा पिता पिता ते मध्येच म्हणायचे, "काल डोळ्यासमोर आला होता, अगदी स्पष्ट. ब्रश घेईपर्यंत गेला." माझ्या लक्षात आलं की ते गाडीबद्दल बोलत नाहीयेत. हिचा आवाज जाईल, हिची चाल जाईल, जातच होती. निदान हिने स्वतः थेंब थेंब घालून केलेली एक गोष्ट तरी जशीच्या तशी धरून ठेवावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि विचारायला जगात मी एकटी. मला आठवत नव्हतं.

एका सकाळी गेले तर गाडीला टायर बसवलेले. रंगवलेले. मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"डिंकराव, निळे टायर कधीपासून यायला लागले?"

"निळे? काळे आहेत."

"गडद निळे आहेत."

"ताई, थट्टा पुरे."

मी बाटली उचलून खिडकीशी नेली. निळी. त्यांनी घेतली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली. मग हळूच विचारलं, "आणि चमचे?"

"सांगतेय ना कधीपासून. निळसर."

ते खाली बसले. मी त्यांना तसंच उठवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही चांगला मुरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही कित्येक वर्षं जग पिवळ्या काचेतून बघताय. हळूहळू होतं, त्यामुळे कळत नाही." म्हणजे सगळा उलगडा झाला. स्वतःच्या डोळ्यातला पिवळेपणा कापायला ते प्रत्येक चमच्यात निळा वाढवत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी रसायनशास्त्राची बाई, मला हे आधी सुचायला हवं होतं, पण मी डोळ्यांची बाई नाही.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मला वाटलं, आता सुटलो. बसतील खुशाल रंग करत. दोन दिवसांनी गेले तर बाल्कनीतली दोरी रिकामी. चमचे कचऱ्याच्या डब्यात. गाडी खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. डिंकराव पलंगावर बसलेले, मांडीवर धाकटीचा स्वेटर.

मला तो स्वेटर चांगला माहीत होता. आजारपणात ती तोच घालायची.

"ताई, हा कसला रंग आहे?"

"पांढरा."

"पांढरा ना." ते त्यावरून हात फिरवत राहिले. "मला वाटायचं माझ्या धुण्याने पिवळा पडला. मी साबण बदलले. भिजत घातला, घासला. ही म्हणायची, अहो, पांढराच आहे, कशाला त्रास करून घेता. मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतेय. एकदा मी चिडलो. तुला दिसत नाही का, म्हटलं. हिला म्हटलं मी, ताई. तुला दिसत नाही का."

मी स्वयंपाकघरात गेले, तिथेही काही करायचं नव्हतं, परत आले.

"शेवटची दोन-तीन वर्षं मी हिला पिवळीच बघितली," ते म्हणाले. "मला वाटायचं आजार आहे."

"आजार होताच."

"होता. पण किती आजार आणि किती माझा डोळा, हे आता कसं कळणार?" मग खोक्याकडे मान वळवून म्हणाले, "ते दुकानात परत करून या. नाही घेतलं तर असू दे त्यांच्याकडे. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही राहिला."

मी खोकं घरी आणलं. दुकानात नेलं नाही. माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि रोज त्याच्याशेजारी बसून जेवले. भाचीचा फोन आला, "बाबा पुन्हा 'हो'वर आलेत, मावशी." मी म्हटलं, "बघते." काय बघणार होते, देव जाणे.

माझं स्वयंपाकघरातलं ते कपाट बरेच महिने त्रास देत होतं. दार लागत नव्हतं, मागून ओल येत असावी असा संशय. शेवटी सुतार बोलावला. चांगला गप्पिष्ट माणूस. डबे, बरण्या सगळ्या काढून घेतल्या, मग तो आणि त्याचा जोडीदार दोघांनी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं. लावल्या दिवसापासून ते हललं नव्हतं. मी मागे डोकावले आणि किंचाळलेच.

"अहो, ही बघा! सगळ्या पाठीला बुरशी लागलीय!"

सुतार वाकला, नखाने खरवडलं. "बुरशी नाही आजी. ऑइलपेंट आहे. कोणीतरी पाठ रंगवलीय." जोडीदाराला म्हणाला, "बघ रे, पाठ रंगवतात का कुठे लोक? भिंतीला दाखवायला?"

मी खाली बसले. स्टूल नव्हतं, लादीवरच बसले.

कपाटाची अख्खी पाठ, वरपासून खालपर्यंत, ब्रशचे फराटे दिसत होते, एका कोपऱ्यात ओघळ. उजेड कधी लागला नव्हता, त्यामुळे काल लावल्यासारखा. हिरवट, राखाडी, मेल्यासारखा. तो दिवस मला तेव्हा आठवला. कॉलेजातून घरी आले तर स्वयंपाकघरात तेलकट वास. मी म्हटलं, कसला गं हा वास? धाकटी म्हणाली, "नवं लाकूड आहे ताई, येणारच वास." रसायनशास्त्राची प्राध्यापिका, आणि मी ते मान्य केलं! आणि तिने चहा दिला, गोड हसून. इतकी वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात यायची, त्याच कपाटातून साखर काढून द्यायची, आणि मनातल्या मनात हसत असणार. कधी ना कधी मी कपाट हलवीन, बघीन, आणि तिच्यावर धावून जाईन, याची वाट बघत असणार. मी हलवलंच नाही.

"पुसून टाकू का?" सुताराने विचारलं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. इतक्या जोरात की तो मागे सरला.

डिंकरावांना फोन करून म्हटलं, ताबडतोब या, का ते विचारू नका. ते घाबरून आले. त्यांना वाटलं मी पडले. मी त्यांना कपाटामागे उभं केलं. त्यांनी आधी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मग नवा डोळा झाकला. मग जुना झाकला. त्यांना खात्री नव्हती, मला दिसत होतं. कोणत्या डोळ्यावर विश्वास ठेवावा ते कळत नव्हतं.

"ओळखलं का?" मी म्हटलं. "मला आधी वाटलं..."

"काय वाटलं?"

"पावावरची बुरशी."

डिंकराव वळले. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं यांना चक्कर येतेय.

"तेच," ते म्हणाले. "तेच म्हणाला होतात, ताई. गाडी फाटकात उभी होती, ही आत बसली होती, तुम्ही जिन्यावरून उतरलात आणि म्हणालात, 'हा रंग आहे की पावावरची बुरशी?'"

आणि ते हसायला लागले. भिंतीला हात टेकून हसले. सुतारही काही न कळता हसला. मग हसताहसता डिंकरावांचा आवाज बदलला, आणि मी सुताराला म्हटलं, "चला, तुम्ही दोघं बाहेर बसा, चहा देते." चहा ठेवला आणि मुद्दाम भांडी आपटत राहिले, म्हणजे त्यांना मोकळं व्हायला बरं.

गाडी माझ्याच स्वयंपाकघरात रंगली. कपाट भिंतीपासून ओढलेलंच, खिडकीचा उजेड पाठीवर, आणि डिंकराव चटईवर बसून एकच डोळा उघडा ठेवून बाटल्या मिसळायचे. चमचा पाठीशी धरून विचारायचे, "हा?"

"नाही. अजून घाणेरडा हवा."

"आता?"

"थोडा काळा."

"आता?"

"थांबा."

ते ब्रश हातात धरून तसेच थांबले. "हीसुद्धा असंच म्हणाली होती. थांबा." चमचा जुळला होता.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. टायर काळे झाले. तयार गाडी त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवली, मी शेजारी होते. भाची म्हणाली, "अय्या, किती गोड! पण बाबा, आपली गाडी निळी होती ना?"

डिंकराव म्हणाले, "हो."

मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "असू दे. ती चार वर्षांची होती. तिची निळीच असेल." आणि गाडी उचलून फळीवर ठेवली. धाकटी म्हणाली होती त्याच उंच फळीवर, आता तिथे कोणाचा हात पोहोचायचा प्रश्न नव्हता.

पुढच्या महिन्यात आम्ही दुकानात गेलो. दुकानदारीणबाईने विचारलं, "काका, आता कोणती?" डिंकराव म्हणाले, "तीच. आणखी एक मागवा."

"वेडे आहात का?" मी म्हटलं. "पाच खोकी घरात पडलीत."

"रंग उरलाय ना, ताई. बाटलीभर."

त्या खोक्याला अजून वेळ आहे. परवा डिंकराव माझ्याकडे जेवायला आले होते. मी कोपऱ्यावर दही आणायला गेले, तेवढा वेळ ते घरात एकटे होते. परत आले तेव्हा त्यांच्या बोटाला काहीतरी हिरवट लागलेलं होतं, असं मला वाटलं. मी पानं घेतली. ते गेल्यावर मी दारांच्या पाठी बघितल्या, टेबलाच्या खालून हात फिरवला, फोटोंच्या चौकटी उलट्या केल्या, खुर्च्या आडव्या करून बघितल्या. या वयात.

कुठेही काही नव्हतं. खुर्च्या सरळ केल्या आणि जरा वेळ तशीच बसून राहिले.